न घडलेल्या गोष्टींची तपासणी

इंग्लंडमधल्या एखाद्या गावातल्या साध्याशा दवाखान्याची सरकारी तपासणी हल्ली पुष्कळदा तपासनीस दारात येण्याआधीच सुरू झालेली असते. दवाखान्याच्या संगणकावरच्या केसपेपरांना काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. त्यांतला एक असा: तुमच्या यादीतलं कोण कोण मेथोट्रेक्सेट घेतं, आणि त्यांतल्या कुणाची रक्ततपासणी वेळेवर झालेली नाही?

मेथोट्रेक्सेट रुमॅटॉइड संधिवातावर देतात. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. सांध्यांची सूज उतरते, माणूस पुन्हा जिना चढू लागतो. पण हेच औषध एखाद्याच्या अस्थिमज्जेला दाबून टाकतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतं, लिव्हरला इजा करतं, आणि सुरुवातीला यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून औषध छान लागू पडलेल्या माणसाचंही रक्त साधारण दर तीन महिन्यांनी तपासायचं असतं. संगणकाने दिलेल्या यादीत काही नावं अशी निघतात, ज्यांची ही तपासणी राहून गेली आहे. त्यांची स्वतःची काही तक्रार नाही. डॉक्टरांनाही त्यांच्याबद्दल काळजी वाटलेली नाही. दवाखान्यात काहीही वाईट घडलेलं नाही. एक गोष्ट घडायची तेवढी राहिली आहे, आणि तपासनीस नेमकी तीच शोधत असतात.

मला या कामाचं खरं नवल इथे वाटतं. घडलेली चूक सापडते. जखम दिसते, नातेवाईक भांडायला येतात, कधी पेपरात बातमी येते. पण जे घडायला हवं होतं आणि घडलंच नाही, त्याच्याबद्दल कोण तक्रार करणार? न झालेली तपासणी, न वाचलेलं पत्र, न उघडलेला नळ, न नेलेली औषधाची चिठ्ठी. हे सगळं दिसायला एक वेगळी नजर लागते, आणि ती इंग्लंडमध्ये शंभरएक वर्षांत, थोडी शहाणपणाने आणि थोडी फार मोठी किंमत मोजून तयार झाली आहे.

आधी हा दवाखाना कसा असतो ते पाहू. तिथे सर्दी-खोकला, गुडघेदुखी, मनाची उदासी, मुलांच्या लसी, सगळ्यासाठी माणूस पहिल्यांदा जातो तो आपल्या जीपीकडे, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरकडे. तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा तर बहुतेक वेळा जीपीचीच चिठ्ठी लागते. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून बहुतेक दवाखाने सरकारी नाहीत; ते जीपींचे स्वतःचे असतात आणि एनएचएसशी त्यांचा करार असतो. आज इंग्लंडमध्ये असे सहा हजारांहून अधिक दवाखाने आहेत आणि एकेकाकडे सरासरी दहा हजारांच्या आसपास माणसं नोंदलेली आहेत.

या नोंदणीवर पुढचं सगळं उभं आहे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यापासून तिथे विमा असलेल्या प्रत्येक कामगाराच्या नावाचा एक छोटा बदामी लिफाफा निघू लागला. तेव्हाचे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या नावानेच तो ओळखला जातो. माणसाने गाव बदललं, डॉक्टर बदलला, की लिफाफा त्याच्यामागे नव्या डॉक्टरकडे जायचा. पुढे १९९०च्या दशकात बहुतेक जीपींचं काम संगणकावर आलं, तरी कल्पना तीच राहिली: डॉक्टरला आपल्याकडे आलेले लोक तर माहीत असतातच, शिवाय आपल्या जबाबदारीतले पण न आलेले लोकही माहीत असतात. आपल्याकडच्या खासगी डॉक्टरला समोर बसलेला पेशंट कितीही चांगला ठाऊक असला, तरी जो आलाच नाही तो त्याच्या हिशेबात येत नाही. ही अडचण आपल्याकडे सोडवली आहे ती आशाताईंनी. गावातल्या कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिला आहे याची त्यांची ‘ड्यू लिस्ट’ लसीकरणाच्या दिवसाआधी तयार असते, आणि यादीतल्या घरी त्या स्वतः निरोप द्यायला जातात. कोण आलं नाही, हा प्रश्न यादी असल्याशिवाय विचारताच येत नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यातली आशाताई आणि इंग्लंडमधला तपासनीस एकाच तऱ्हेच्या कागदावर बोट ठेवून काम करतात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

पण यादी हाताशी असूनही ती बाहेरच्या कुणी वाचायची, हे इंग्लंडला पटायला खूप वेळ लागला. जीपी आणि पेशंट यांच्यातलं सगळं एका बंद खोलीत घडतं. इस्पितळाच्या वॉर्डात दहा जणांचे डोळे असतात; नर्स डॉक्टरचं काम पाहते, एक डॉक्टर दुसऱ्याचं. जीपीच्या खोलीत दोनच माणसं, आणि त्यांतल्या एकाला वैद्यक कळत नाही. एनएचएस सुरू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधल्या ५५ दवाखान्यांत प्रत्यक्ष जाऊन पाहिलं आणि मार्च १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लांबलचक अहवाल छापला. तो वाचून डॉक्टरमंडळी हादरली. गर्दीने भरलेल्या, कळकट जागा. धड उपकरणं नाहीत. पेशंटला आडवं करून पोट तपासायचीही सोय नाही. त्यांचा निष्कर्ष असा की अवस्था वाईट आहे आणि दिवसेंदिवस आणखी बिघडते आहे. त्या अहवालाने माजलेल्या खळबळीतून १९५२ मध्ये जीपींचं स्वतःचं कॉलेज स्थापन झालं, त्यांच्या शिक्षणाचा आणि दर्जाचा विचार सुरू झाला. पण बाहेरच्या माणसाने नियमित येऊन पाहायचं, ही गोष्ट मात्र आणखी साठेक वर्षं लांबली.

मधल्या काळात हाइड हे गाव आलं. मँचेस्टरजवळच्या या गावात हॅरल्ड शिपमन नावाचा जीपी एकट्याने दवाखाना चालवत होता. लोकांचा आवडता डॉक्टर होता, घरी जाऊन म्हाताऱ्यांची विचारपूस करणारा. जानेवारी २००० मध्ये तो १५ पेशंटांच्या खुनाबद्दल दोषी ठरला. त्यानंतर न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये सांगितलं की त्याने मारलेल्या माणसांपैकी २१५ जणांची खात्री पटली आहे. शस्त्र होतं मॉर्फिनच्या जातीच्या डायमॉर्फिनचं इंजेक्शन. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर लिंडा रेनल्ड्स यांना मार्च १९९८ मध्ये शंका आली होती, कारण शिपमनच्या पेशंटांचे दहनाचे फॉर्म त्यांच्या दवाखान्याकडे दुसऱ्या सहीसाठी येत आणि त्यांची संख्या फार वाटत होती. पोलिसांनी पाहिलं, पण त्यांच्या हाती काही लागलं नाही. त्यानंतरही त्याने आणखी बळी घेतले.

त्या सगळ्या प्रकरणातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी ती आपल्या पुस्तकात आलेखाने दाखवली आहे. त्या भागातल्या इतर जीपींचे पेशंट दिवसाच्या कुठल्याही वेळी दगावत, रात्री, पहाटे, संध्याकाळी. शिपमनच्या पेशंटांचे मृत्यू मात्र दुपारी दोनच्या सुमारास गोळा झालेले होते, म्हणजे तो घरभेटींना जायचा त्या वेळेला. आलेख पाहिला की दुसरं काही बोलायची गरजच उरत नाही. एकेक मृत्यू वेगळा धरला तर प्रत्येक दाखला पटण्यासारखा होता: वय झालेलं, हृदयाचा त्रास. नोंदी एकत्र मांडल्या की त्यांच्यातून एक माणूस चालत बाहेर येतो. त्याने केसपेपरही मागच्या तारखा घालून बदलले होते, पण संगणकाने बदल कधी केला ती खरी वेळ आत जपून ठेवली होती.

असा डॉक्टर लाखात एखादा. दवाखान्याच्या तपासणीचा उद्देश खुनी शोधणं हा मुळीच नाही, आणि आजची तपासणी तेव्हा असती तर तो पहिल्या वर्षीच सापडला असता असंही मी म्हणणार नाही. पण एका वेळी एकच पेशंट पाहणाऱ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते सगळ्या यादीकडे एकत्र पाहिल्यावर दिसतं, हा धडा हाइडने दिला. मॉर्फिनसारख्या औषधांचा हिशेब, मृत्यूच्या दाखल्याची पद्धत, डॉक्टरांच्या योग्यतेची ठरावीक काळाने फेरपडताळणी, असं बरंच काही त्यानंतर बदललं.

केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, ही तपासणी करणारी संस्था एप्रिल २००९ पासून काम करते. इस्पितळं आणि वृद्धाश्रम आधी तिच्या कक्षेत आले. जीपींच्या दवाखान्यांना तिच्याकडे नोंदणी करणं एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, आणि २०१४ च्या अखेरीपासून त्यांना शेरे मिळू लागले: अत्युत्तम, चांगला, सुधारणा हवी, अपुरा. तपासनिसांचे प्रश्न पाच. दवाखाना सुरक्षित आहे का? उपचारांचा उपयोग होतो का? माणसांना आपुलकीने वागवतात का? लोकांच्या गरजेप्रमाणे दवाखाना स्वतःला वळवतो का? आणि तो नीट चालवला जातो का? पथकात सीक्यूसीच्या तपासनिसाबरोबर एक जीपी सल्लागार असतो, म्हणजे केसपेपर वाचायला त्याच धंद्यातली नजर. मिळालेला शेरा दर्शनी भागात लावावाच लागतो. फारच वाईट अवस्था असेल तर सीक्यूसी नोंदणी रद्द करू शकते, तातडीची वेळ आली तर त्यासाठी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते.

आता पुन्हा त्या संगणकावरच्या प्रश्नांकडे येऊ, कारण सगळ्यात रंजक भाग तोच आहे. एक प्रश्न असतो: क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल एकत्र कुणाला चालू आहे? दोन्ही गोळ्या आपल्या घराघरांत आहेत. क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, स्टेंट टाकल्यावर. ओमेप्राझोल ॲसिडिटीसाठी. क्लोपिडोग्रेल गोळीत असतं तेव्हा निष्क्रिय असतं. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला कामाचं रूप देतं. ओमेप्राझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. म्हणजे हृदयाच्या डॉक्टरने बरोबर गोळी दिली, पोटाच्या तक्रारीवर दुसऱ्या डॉक्टरने बरोबर गोळी दिली, आणि दोन बरोबर गोळ्यांनी मिळून माणसाचं संरक्षण कमी केलं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी याबद्दल २०१० मध्येच सूचना दिली आहे. पर्यायी औषधं आहेत. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.) तपासनीस पाहतात ते हे की सूचना निघाल्यावर दवाखान्याने आपली यादी चाळली का.

दुसरा प्रश्न दम्याचा. वर्षभरात निळा इनहेलर कुणी बारा किंवा त्याहून अधिक वेळा नेला? निळा इनहेलर तात्पुरता आराम देतो, श्वासनलिका सैल करतो. आतली सूज उतरवायचं काम दुसऱ्या, रोज घ्यायच्या इनहेलरचं. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्या १६५ जणांना शेवटच्या वर्षात निळे इनहेलर किती लिहून दिले हे कळू शकलं, त्यांतल्या ६५ जणांना बाराहून अधिक लिहून दिलेले होते. प्रत्येक वेळी चिठ्ठी कुणीतरी मंजूर केली होती. प्रत्येक मंजुरी सुटी घेतली तर साधी, नेहमीची. बारा एका ओळीत मांडल्या की त्या मदतीची हाक वाटतात.

आणि एक प्रश्न तर मला थक्क करतो: मधुमेहाच्या पातळीचा एचबीएवनसी रिपोर्ट आलेला आहे, पण केसपेपरवर मधुमेह लिहिलेला नाही, असं कोण आहे? आपल्या भाषेत साडेसहा टक्के किंवा त्याच्या वर. रक्त काढलं, प्रयोगशाळेने मोजलं, आकडा परत आला, संगणकात बसला. आजार सापडला होता. फक्त तो माणसाला कुणी सांगितला नाही. कुणाचा रिपोर्ट डॉक्टर रजेवर असताना आला असेल, कुणाला पुन्हा तपासणीला बोलवायचं राहिलं असेल. अशा नावांवर जीपी सल्लागार एकेक केसपेपर उघडून वाचतो, कारण यादी चुकूही शकते. एखाद्याची नोंद दुसऱ्या शब्दांत केलेली असते, एखाद्याची तपासणी इस्पितळात झालेली असते.

मग येतो भेटीचा दिवस. इथेही बहुतेक वेळ मोठ्या यंत्रांपाशी जात नाही, फ्रिजपाशी जातो. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. लस उष्णतेने खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठल्याने होते हे कमी जणांना. धनुर्वात, कावीळ ब अशा लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. एकदा गोठून वितळल्या की त्या क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात आणि लसीची ताकद जाते, बाटली मात्र नेहमीसारखी दिसू शकते. तशी लस टोचली तर बाळ रडतं, आई समाधानाने घरी जाते, कार्डावर खूण होते आणि संरक्षण मिळत नाही. म्हणून फ्रिजच्या थर्मामीटरवर आत्ताच्या तापमानासोबत मागच्या वाचनापासूनचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमानही दिसतं. रोज ते तिन्ही आकडे लिहून थर्मामीटरमधली जुनी नोंद पुसायची. वहीत रोज ४, ४, ४, ४ असं एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेलं दिसलं तर थांबून विचारायला हवं. फ्रिज शाळेच्या घंटेसारखा ठरल्या वेळी ठरलेलं वागत नाही. दार उघडतं, माल येतो, आकडा हलतो. शनिवार-रविवारच्या रकान्यांचं काय झालं, प्लग चुकून कुणी बंद करू नये म्हणून काय केलं आहे, एकदा तापमान ११ वर गेलं होतं तेव्हा त्या लसींचं काय केलं, हेही विचारलं जातं.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही वही इंग्लंडपेक्षा कडक असते. आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला लसींचा फ्रिज, त्याचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. शिवाय आपल्या लसीच्या बाटलीवर वर्तुळात एक छोटा चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका काळा झाला की बाटली बाद. तापलेपणाची आठवण ठेवणारा हा ठिपका अप्रतिम आहे. मात्र बाटली गोठली होती का, हे तो सांगू शकत नाही. ते वहीनेच सांगायचं.

फ्रिजनंतर नळ. दवाखान्यातल्या कमी वापराच्या खोलीतला नळ दर आठवड्याला उघडून वाहू दिला जातो का, गरम पाणी पुरेसं गरम येतं का, याची नोंद पाहतात. कारण १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं आणि दोनशेहून अधिक लोक एका अनोळखी न्यूमोनियाने आजारी पडले, कित्येक दगावले. सहा महिन्यांनी, जानेवारी १९७७ मध्ये, जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला त्याचा जिवाणू सापडला: लीजनेला. तो साचलेल्या, कोमट पाण्यात वाढतो, साधारण २० ते ४५ अंशांत, आणि नळाच्या किंवा शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाणी खरंच गरम हवं, गार खरंच गार, आणि कुठेही ते पडून राहता कामा नये. न उघडलेला नळ हा धोका असू शकतो, हे मला या विषयात शिरेपर्यंत सुचलंही नव्हतं.

आणीबाणीच्या औषधांची पेटी उघडली जाते. ॲड्रेनलिन, ॲस्पिरिन, मेंदूज्वराच्या संशयासाठी बेंझिलपेनिसिलिन, साखर एकदम उतरली तर ग्लुकॅगॉन. ज्या दवाखान्यात तांबी बसवतात तिथे ॲट्रोपिन आहे का, हे खास पाहतात: तांबी बसवताना क्वचित एखाद्या बाईच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, आणि ते पुन्हा वाढवायला हे औषध लागतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरची तारीख, डिफिब्रिलेटरच्या पॅडवरची तारीख, लहान मुलांचे पॅड आहेत का. एखादं औषध ठेवलं नसेल तरी चालतं, पण का ठेवलं नाही याचा विचार करून लिहिलेला असावा लागतो. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. विसरलेलं औषध आणि विचार करून न ठेवलेलं औषध, दोन्हींची कपाटातली जागा सारखीच रिकामी दिसते.

रिसेप्शनिस्टलाही प्रश्न असतात, आणि हे मला आवडतं, कारण दवाखान्यात कोण आधी आत जाईल हे पुष्कळदा तिच्या हातात असतं. ताप, अंगावर डाग, श्वास भरभर, बोलणं असंबद्ध झालेला माणूस काउंटरवर आला तर तू काय करशील? सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडायला लागणं, पहिल्यांदा तिलाच दिसणार असतं. काउंटरमागच्या खोक्यात लोकांनी न नेलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत का, तेही पाहतात. बहुतेक चिठ्ठ्या आता संगणकावरून थेट औषधाच्या दुकानात जातात, तरी कागदी थोड्या उरल्या आहेत. चिठ्ठी नैराश्याच्या गोळीची असेल आणि तीन आठवडे कुणी न्यायलाच आलं नसेल, तर त्या घरी फोन करायला हवा. तसाच तपासला जातो डॉक्टरांच्या संगणकावरचा रिपोर्टांचा आणि पत्रांचा ढीग: किती न पाहिलेले आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना कुठल्या तारखेचा. कॅन्सरच्या संशयाने तातडीने पुढे पाठवलेला पेशंट तिथे खरंच पोचला का, याचा पाठपुरावा कोण करतं. गर्भाशयमुखाच्या तपासणीचे जितके नमुने पाठवले, तितके निकाल परत आले का.

दवाखान्याने स्वतःच्या चुका लिहून ठेवायच्या, त्यावर बैठक घ्यायची आणि काय बदललं ते नोंदवायचं, अशीही पद्धत आहे. आपल्याला वाटेल की ज्याची ही वही कोरी तो उत्तम. अनुभवी तपासनिसाला कोऱ्या वहीची चिंता वाटते. हजारो माणसांच्या यादीत वर्षभर एकही गफलत झाली नाही, हे शक्य नाही. तिथे एक तर कुणाला दिसत नाही, किंवा दिसलं तरी बोलायची भीती वाटते. चुकीच्या पेशंटच्या केसपेपरवर चिकटलेलं एखादं पत्र वेळेत लक्षात आलं आणि नर्सने ते न घाबरता सांगितलं, तर तो दवाखाना सुरक्षित होण्याच्या वाटेवर आहे.

२०१४ ते २०१७ या पहिल्या फेरीत सात हजारांहून अधिक दवाखाने पाहून झाले. दहांतल्या साधारण नवांना चांगला किंवा अत्युत्तम शेरा मिळाला. कॉलिंग्ज यांनी पाहिलेल्या त्या खोल्या आठवल्या तर हे खरंच अभिमान वाटावं असं आहे.

तरी या नजरेलाही मर्यादा आहेत. १९६०-७०च्या दशकांत भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी, त्यांत मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून शिकलेले मराठी डॉक्टरही होते, पुष्कळदा असे दवाखाने चालवायला घेतले जिथे जायला इतर तयार नव्हते: खाणकामगारांची खोरी, मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्या. एकटा डॉक्टर, फार आजारी लोकसंख्या, कागदपत्रं लिहायला वेगळा माणूस नाही. अशांना वाईट शेरा मिळण्याचं भय जास्त वाटत होतं. सीक्यूसीने स्वतःच या तक्रारीचा अभ्यास केला आणि जानेवारी २०२२ मध्ये मान्य केलं की वांशिक अल्पसंख्य डॉक्टरांचे दवाखाने अधिक वंचित भागांत असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे चांगलं काम असूनही ते कागदावर दाखवणं त्यांना अवघड जातं, आणि तपासणीने ही परिस्थिती समजून घ्यायला हवी. मला वाटतं हा त्या संस्थेने केलेल्या सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे. पत्र्याच्या कपाटातली नीटनेटकी फाइल म्हणजे चांगला डॉक्टर नव्हे. आणि फाइल नसली की चांगला डॉक्टरही आपला चांगुलपणा दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. तो आजारी पडला की त्याच्या पेशंटांचं काय, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२०२४ मध्ये तपासणाऱ्यांचीच तपासणी झाली. डॉक्टर पेनी डॅश यांच्या अहवालाने सांगितलं की सीक्यूसीच्या भेटी फार कमी झाल्या आहेत, काही तपासनिसांना ज्या क्षेत्राची तपासणी करायची त्याचा अनुभवच नाही, काही ठिकाणचे शेरे कित्येक वर्षांपूर्वीचे आहेत. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी संस्था आपल्या कामाला पात्र राहिलेली नाही असं जाहीरपणे म्हटलं, आणि तिची घडी पुन्हा बसवायचं काम सुरू झालं. न झालेल्या गोष्टी शोधणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्याच भेटी व्हायच्या राहिल्या होत्या, आणि त्या कुणीतरी मोजल्या.

तुमची मुलगी, भाचा, कुणी मित्र इंग्लंडमध्ये राहत असेल तर त्यांच्या दवाखान्याचा अहवाल सीक्यूसीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. दवाखान्याचं नाव किंवा पिनकोड पुरे. एकूण शेऱ्यावर थांबू नका. आधी तारीख पाहा, कारण पाच वर्षांत डॉक्टर, नर्स, मॅनेजर सगळे बदललेले असू शकतात. मग पाचही प्रश्नांचे शेरे वेगवेगळे वाचा: एकूण ‘चांगला’ असलेल्या दवाखान्यात सुरक्षिततेपुरतं ‘सुधारणा हवी’ असू शकतं. आणि शेवटी औषधांवरच्या देखरेखीचा परिच्छेद शोधा. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की किती केसपेपर उघडून पाहिले, किती जणांच्या तपासण्या बाकी निघाल्या, आणि दवाखान्याने त्यांना फोन केला की नाही.